तिसऱ्या थरातले काटे

बार्दो, ट्यूनिस
सोमवार, १२ मार्च २०१८

प्रिय वसीलाताई,

सलाम. तू, भावोजी, महरेज सगळे सुखरूप असाल असं धरून चालते, कारण तसं नसतं तर रमदाननं कळवलं असतं. नाबुल-ट्यूनिस वडाप चालवणारा माणूस म्हणजे चालतं वर्तमानपत्र. फक्त पानं कमी आणि हॉर्न जास्त. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा पहिला शब्द ऐकून ठेवून देतेस. म्हणून हा कागद, आणि कागदाला सोबत म्हणून खजूर भरलेल्या मकरूदचा डबा. डबा तुझाच आहे, मागच्या उन्हाळ्यात तुझ्याकडून आलेला.

इथलं सगळं ठीक. जिन्यातला दिवा अजून बंदच आहे आणि मालकाला अजून तो चालू दिसतो. माझे गुडघे पावसाआधी बोलतात. बाकी मी लग्न केलं नाही, त्यामुळे तक्रार करायला विषय तसे मोजकेच.

तुझा भाऊ शाझली बरा आहे. दर चौथ्या मंगळवारी इंजेक्शन घेतो, कुरकुर न करता. पोट सुटलंय, ते त्या औषधानं. सकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत जातो, एक कॉफी घेतो आणि परत येऊन मला सांगतो की आज पाळतीवर फक्त दोघेच होते. धंदा मंदावलेल्या दुकानदाराच्या सुरात सांगतो. मी म्हणते, सुट्टीवर असतील. तो म्हणतो, असतील.

मुद्द्यावर येते. नारिंगीला फुलं आली. नाबुलच्या बाजारात बायका चादरी पसरून ढीग घेऊन बसल्या आहेत, असं रमदान म्हणाला, आणि दुर्दैवानं ते शाझलीसमोर म्हणाला. त्याच दुपारी त्यानं बॅग भरली. दोन सदरे, रेडिओ, आणि भट्टीच्या डोक्यावर घालायच्या ओल्या फडक्यांसाठी वर्षभर जमवलेले जुने बनियन. बॅग दाराशी आहे. मी रोज तिला अडखळते.

बाबा गेल्यापासून बावीस वर्षं तुझ्या अंगणातल्या त्या तांब्याच्या भट्टीसमोर तोच बसतो. फुलांचा अर्क थेंबाथेंबानं उतरत असताना तीन तीन तास एका जागी बसून फडकी बदलणं आपल्या घरात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. तू उठून चुलीकडे धावायचीस, मी उठून तुझ्याशी भांडायला यायचे. तो बसायचा. त्या तीन आठवड्यांत कानातली माणसंसुद्धा हळू बोलतात, असं तो म्हणतो.

यंदा त्याला येऊ दे. हे पत्र एवढंच मागायला लिहिलं आहे.

जुलैत झालं ते झालं. दुर्राच्या घरी सगळे जमलो, फातिहा वाचला, महरेजची सोयरीक पक्की झाली, आणि आपला इस्त्रीचा सदरा घातलेला भाऊ मुलीच्या बापाला म्हणाला, "तुमच्या मुलीचे बूट छान आहेत. पळून जायला सोपे." तिचा बाप हसला. सगळे हसले. तूही हसलीस, मी पाहिलं. मग दहा दिवसांनी त्यांनी भेटीची करंडी परत पाठवली, नशिबात नव्हतं म्हणून, आणि तू सगळ्या घरासमोर सांगितलंस की शाझलीनं माझ्या पोराचं वाटोळं केलं, तो आता माझ्या उंबऱ्यात दिसता कामा नये. मी तिथंच होते, हातात सरबताचा ट्रे घेऊन. मी काही बोलले नाही.

त्या लोकांना कुणी काय सांगितलं, कधी सांगितलं, ते उगाळण्यात आता अर्थ नाही. लग्न म्हटलं की बायका चौकशी करतातच.

फुलं तीन आठवडे टिकतात. त्यातला पहिला निम्मा गेला. उत्तर रमदानकडे दे. तोंडी दिलंस तरी चालेल, तो आपल्या पदरचं फार घालत नाही.

तुझी,
रफीका


बार्दो
शुक्रवार, २३ मार्च

ताई,

डबा मिळाला. रिकामा. आपल्या आईनं शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही, भांडण चालू असतानाही. तेव्हा ती त्यात दोन लिंबं टाकायची, म्हणजे रीतही राहायची आणि मतही कळायचं. तू लिंबूसुद्धा टाकलं नाहीस. म्हणजे प्रकरण लिंबाच्या पुढे गेलंय, हे मी समजले.

रमदाननं निरोप जसाच्या तसा दिला: मकरूद आले ते ठीक, माणूस येऊ नये. वर म्हणाला, "बाई, माझी गाडी आठ सीटांची. हा निरोप नववा बसून आला."

शाझलीला मी सांगितलं की ताई सध्या कामात आहे. मी खोटं बोलते तेव्हा तो माझ्याकडे बघत नाही, माझी लाज राखतो. खिडकीकडे बघत म्हणाला, "ती माझ्यावर रागावलीय. बुटांचं बोललो म्हणून. बरोबर आहे तिचं. मी बोललो नसतो तर महरेजचं लग्न झालं असतं." हे तो आठ महिने म्हणतोय. दाढी करताना म्हणतो, भाजी निवडताना म्हणतो. आणि मी आठ महिने एकच उत्तर देते: जाऊ दे रे.

मला एका जागी बसवत नाही. काल मसाल्याच्या बाटल्या तीनदा पुसल्या. चौथ्यांदा पुसायला लागले तेव्हा शाझली म्हणाला, आता त्यांना इंजेक्शन देतेस का. कामावरही तेच. तिथं एक घोळ झाला आहे. तुला त्यात रस नाही हे मला माहीत आहे, तरी वाच, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

मी नक्की काय करते हे तुला एकोणीस वर्षांत कळलेलं नाही. तू शेजारणींना सांगतेस की रफीका दवाखान्यात काचा पुसते. त्यातही तथ्य आहे. पण त्या काचांवर मेलेल्या माणसांच्या मेंदूचे काप असतात, केसाच्या जाडीचे. आपल्या देशात मेलेल्याला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी वर ठेवत नाही, मेंदू कुठला देणार. त्यामुळे ते परदेशातल्या एका मेंदूपेढीतून येतात. चांदीचा क्षार वापरला की त्यातली एखादीच पेशी काळी होते, बाकी सगळं पिवळं राहतं. मायक्रोस्कोपखाली ती पेशी म्हणजे पानं झडलेलं झाड. फांद्यांना बारीक बारीक काटे. प्रत्येक काट्यापाशी दुसऱ्या पेशीची तार येऊन थांबते, मध्ये एवढीशी फट, आणि त्या फटीतून निरोप पलीकडे जातो. त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. कपाळामागे मेंदूच्या सालीत सहा थर आहेत. त्यातल्या तिसऱ्या थरात, शाझलीला आहे तो आजार असलेल्यांचे काटे कमी भरतात. पेशी जागच्या जागी असतात, निरोप निघतात, फक्त निरोप घ्यायला दारात उभे राहणारे कमी पडतात.

कमी का पडतात ते अजून कुणाला नीट माहीत नाही. आमच्या बुथैना मॅडम प्रत्येक पाहुण्याला माळ्याची गोष्ट सांगतात. लहानपणी काटे भाराभर उगवतात, वयात येताना मेंदू त्यांची छाटणी करतो, आणि काही डोक्यांतला माळी कात्री खाली ठेवतच नाही. शाळेच्या सहलीला हीच गोष्ट, मंत्र्यांना हीच. सहलीतली मुलं प्रश्न विचारतात.

मी ते काटे मोजते. माझं काम इतकंच, आणि त्याला एकच नेम आहे. कुठला काप आजाऱ्याचा आणि कुठला निरोग्याचा, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. काचेवर फक्त क्रमांक. कोण कोण आहे त्याची यादी बंद पाकिटात, पाकीट मॅडमच्या कपाटात.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत छत्तीस काचांची पेटी विमानतळावर कस्टममध्ये अडकली. सोडवायला मी गेले. तिथल्या साहेबाला मेंदू आत आणायचा अर्ज सापडेना. मांस म्हणावं तर पशुवैद्याचा शिक्का हवा, औषध म्हणावं तर मुदत संपल्याची तारीख हवी. शेवटी त्यानं पेटी उघडली, तर पाठवणाऱ्यांनी अतिशहाणपणा करून यादीची एक प्रत आतच घातलेली. साहेब खूश. त्यानं एकेक काच खिडकीच्या उजेडात धरली, यादीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचत सुटला. एक, निरोगी. दोन, स्किझोफ्रेनिया, अल्ला बरं करो. तीन, निरोगी. मी म्हटलं, साहेब, हा मेलेला आहे. तो म्हणाला, "मग निरोगी कसा?" आणि पुढे वाचू लागला.

मी कान झाकायला हवे होते, किंवा बाहेर जायला हवं होतं, किंवा परत येऊन मॅडमना सांगायला हवं होतं की काचांचे क्रमांक बदला, माझ्या कानावर सगळं पडलंय. आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत हे तुला माहीत आहे. अजून मला शाळेतल्या माझ्या वर्गातल्या पोरींचे हजेरीचे नंबर पाठ आहेत. पण सांगितलं असतं तर मोजायचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. आणि मला मोजायचं होतं. सव्वीस वर्षं ज्या आजाराशी एका घरात राहते, त्यात नक्की काय कमी असतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आठ महिने मोजलं. आजाऱ्यांचे काटे एक्केचाळीस टक्क्यांनी कमी निघाले. मॅडमनी सगळ्यांना बकलावा वाटला. निबंध छापायला गेला, आणि तिकडच्या परीक्षकानं कळवलं की फरक जरा जास्तच देखणा आहे, दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मोजून घ्या.

दुसरे म्हणजे आमचे तीजानीसाहेब. निवृत्तीला सहा महिने, मधुमेह, आणि ज्या काचा मोजतात त्या कुणाच्या याचं काडीचंही कुतूहल नाही. त्यांची मोजणी परवा आली. निरोग्यांच्या काचांवर त्यांचा आकडा आणि माझा आकडा जवळजवळ सारखा. आजाऱ्यांचे काटे त्यांच्याकडेही कमीच, पण सतरा टक्के. चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "रफीकाबाई, बावीस नंबरच्या काचेवर त्या एका फांदीला मला एकोणीस दिसले, तुम्हाला अकरा. आठ कुठे गेले? मी टेबलाखालीसुद्धा बघितलं."

ते गेल्यावर मी आजाऱ्याच्या त्या बावीस नंबरला पुन्हा डोळा लावला. आठही तिथंच होते. काही फांदीच्या आडून डोकावत होते, काही पुसट, काटा म्हणावं की डाग म्हणावं असे. अशी शंका आली की मी निरोग्याच्या पदरात टाकायची. आजाऱ्याला द्यायची नाही. प्रत्येक वेळी. आठ महिने. आणि माझी शपथेवर खात्री होती की मी जे दिसतंय तेच मोजतेय.

आजार आहे ताई. सतरा टक्के कमी म्हणजे खूप कमी. पण उरलेलं सगळं कमीपण माझ्या डोळ्यांनी घातलेलं.

मॅडमना मी कस्टमचं अजून सांगितलेलं नाही. तुला मात्र आणखी एक गोष्ट सांगायची होती, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले होते. खाली रमदान हॉर्न वाजवतोय. त्याचे आठ भरले.

रफीका


बार्दो
गुरुवार, ५ एप्रिल

वसीलाताई,

या वेळी डबा पाठवला नव्हता, त्यामुळे रिकामं काही परत आलं नाही. तेवढी सोय.

खाली रमदानला सांगून ठेवलंय की मी पत्र संपवेपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही.

दुर्राच्या आईला मी सांगितलं.

फातिहानंतर चौथ्या दिवशी नाजियाबाई माझ्याकडे आल्या. दुपारची वेळ, शाझली कॅफेत होता. त्यांच्या हातात बदामाच्या वड्यांचा पुडा होता आणि चेहऱ्यावर तो आव, जो आपण सगळ्या जणी चौकशीला जाताना आणतो, सहज आल्यासारखा. मी कॉफी ओतली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही या आजारावर काम करता आणि घरातही बघता. तुमच्याइतकं कुणाला कळणार? मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. महरेज ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "घाई करू नका. मुलाला पंचविशी ओलांडू द्या."

एवढंच. दुसरं काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती; हा आजार यायचा तर बहुधा त्या वयाआधीच डोकं वर काढतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी कप खाली ठेवला, त्यात निम्मी कॉफी होती, आणि सहा दिवसांनी करंडी तुझ्या दारात आली.

शाझलीचं त्यांना आधीच माहीत होतं. दुर्रानंच सांगून टाकलं होतं, अगदी सुरुवातीला. बुटांचं ऐकून तर नाजियाबाई घरी गेल्यावर पुन्हा हसल्या होत्या, हे त्यांनीच मला त्या दिवशी सांगितलं. शाझलीमुळे काही मोडलं नाही. एक काटकीसुद्धा मोडली नाही. तू त्याला उंबरा बंद केलास तेव्हा मी ट्रे धरून उभी होते, आणि नंतर आठ महिने जाऊ दे रे म्हणत होते.

का सांगितलं, ते तू विचारशील. मी स्वतःला विचारून दमले. सोयरिकीच्या आधीच्या ईदला तुझ्याकडे आले होते तेव्हा महरेज गच्चीवर एकटाच येरझाऱ्या घालत बडबडत होता. खिडकीला त्यानं कागद चिकटवला होता. समोर ठेवलेलं ताट तसंच राहायचं. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा. चार खुणा झाल्या. मोजणीची वही काढली नव्हती, इतकंच. तेव्हा मी दिवसभर त्या छत्तीस काचा मोजत होते आणि मला सगळीकडे कमीच दिसत होतं.

आणि आई. शाझली बावीस वर्षांचा असताना आईनं सहा महिने सगळ्यांना सांगितलं की पोराला उष्णता झालीय. तू तेव्हा सासरी होतीस. मी बघत होते. त्या सहा महिन्यांत कुणीतरी एकजण खरं बोललं असतं तर, असं मी जन्मभर म्हणत आले. नाजियाबाईंना मी ते वाक्य सांगितलं तेव्हा मला वाटत होतं की ती एकजण मीच. मला चक्क बरं वाटलं होतं ताई. भांडी घासताना गुणगुणत होते.

मागच्या गुरुवारी महरेज ट्यूनिसला आला होता, ते तुला माहीत असेल. नेमणुकीचे कागद घेऊन थेट माझ्या प्रयोगशाळेत आला. त्याला कोपऱ्यावर नेऊन चण्यांची लब्लाबी खायला घातली. दोन वाडगे संपवले, तिखट वरून मागून घेतलं. मी सारखी बघत होते. मग मी बघतेय हे माझ्या लक्षात आलं आणि मी माझ्या वाडग्यात बघायला लागले. तो हसत म्हणाला, "मावशी, ईदला मी गच्चीवर वेड्यासारखा बडबडत फिरायचो, आठवतं? तोंडी परीक्षेची तयारी होती. खाली अब्बा टीव्हीचा आवाज असा ठेवतात की नाबुलला कळावं." खिडकीच्या कागदाचंही मी विचारलं. दुपारचं ऊन थेट पुस्तकावर यायचं. ताटाचं मी विचारलं नाही. प्रेमात होता, त्यात काय विचारायचं.

उठताना म्हणाला, "शाझलीमामाला सांग, मी त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याला काय कळतंय. आईला मी समजावतोय."

भाच्यानं मामाला माफ केलं, मावशीच्या गुन्ह्याबद्दल, आणि मावशीनं मान डोलावली आणि लब्लाबीचे पैसे दिले. त्या दिवसाइतकी मी कधी माझ्या नजरेतून उतरले नव्हते.

पुढे महरेजचं काय होईल ते मला माहीत नाही. चांगलंच होईल, बहुधा, जसं बहुतेकांचं होतं. पण नाजियाबाईंना मी हेच सांगायला हवं होतं की मला माहीत नाही. एकोणीस वर्षांत हे वाक्य मी एकदाही उच्चारलेलं नाही. लोक माझ्याकडे माहिती असल्यासारखे येतात आणि मला ते आवडतं.

शुक्रवारी मॅडमना कस्टमचं सांगितलं. त्यांनी विचारलं की त्या कस्टमवाल्याचं नाव काय होतं. मी म्हटलं, मॅडम, तो वाचत होता, मोजत मी होते. निबंध परत मागवला आहे. काचांना नवे क्रमांक लागतील आणि सगळ्या छत्तीस पुन्हा मोजल्या जातील, तीजानीसाहेब आणि आणखी एक मुलगी मोजतील. मला सध्या काचा पुसायचं काम दिलंय. तू शेजारणींना सांगत होतीस ते अखेर पूर्ण खरं झालं.

रविवारी नाजियाबाईंकडे गेले. दारातच सांगितलं की मी तेव्हा चुकीचं बोलले, माझ्या डोळ्यांत खोट होती, मुलात काही दिसलं नव्हतं. त्यांनी आत बोलावलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही तेव्हाही इतक्याच खात्रीनं बोलला होतात. मी कुठल्या रफीकाबाईचं ऐकू?" दुर्राचं दुसरीकडे ठरतंय. ते मला आता जोडता येणार नाही. महरेजला मी लिहिलंय. ते पत्र याच पाकिटात आहे, चिकटवलेलं नाही. तू वाच आणि तो गफ्साला रुजू व्हायला जाण्याआधी त्याच्या हातात दे. तुला देववत नसेल तर परत पाठव, मी गफ्साला जाऊन देईन.

मग शाझली. सोमवारी तो भाजी निवडत होता. पुन्हा म्हणाला, मी बोललो नसतो तर. मी सुरी ठेवली आणि सगळं सांगितलं, नाजियाबाई, कॉफी, पंचविशी, सगळं. तो ऐकत राहिला. एकेक शेंग सोलून संपवली. मग म्हणाला, "आठ महिने तू ऐकत होतीस मी काय म्हणतोय ते."

मी म्हटलं, हो.

"आणि मी वेडा आहे म्हणून तुला ते चाललं."

तो उठला, दार आपटलं, निघून गेला. संध्याकाळी पाव घेऊन आला, पाव टेबलावर ठेवला, आणि मंगळवार-बुधवार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मंगळवारी इंजेक्शनलासुद्धा एकटाच गेला आणि आला. माझा हात दोनदा फोनकडे गेला, त्याच्या डॉक्टरांना कळवावं म्हणून: दार आपटतो, बोलत नाही, नजर टाळतो. तीन खुणा. मग मी फोन ठेवला. माणूस रागावला होता. त्याला रागवायला कारण होतं. सव्वीस वर्षांत त्याच्या रागाला आपण कुणी राग म्हटलेलं नाही, लक्षण म्हटलं.

आज सकाळी बोलला. "मी शनिवारी नाबुलला जातोय. ताई दार उघडेल नाहीतर नाही उघडणार. तू येऊ नकोस."

तर तो येतोय, दहाच्या गाडीनं, रमदानच्या शेजारी पुढच्या सीटवर. कित्येक वर्षांत पहिल्यांदा गावाबाहेर एकटा. तू बोलावलेलं नाहीस हे त्याला माहीत आहे. मी त्याच्यासोबत द्यायला सूचनांचा कागद लिहिला होता, दोन्ही बाजूंनी: काय खातो, किती झोपतो, कशावर लक्ष ठेवायचं. फाडून टाकला. एक तेवढं ठेवते: पुढचं इंजेक्शन १ मे रोजी, आणि ती तारीख त्यालाच तुझ्या-माझ्यापेक्षा नीट आठवते. बाकी काही हवं असेल तर त्याला विचार.

यंदा फुलं लांबली आहेत असं रमदान म्हणतो, म्हणजे अजून थोडे दिवस उरले असतील. तू भट्टी लावली असशील तर आतापर्यंत फडकी कोण बदलत होतं, मला माहीत नाही. कुणी नीट बदलली नसणार.

तुला कुणाला तरी उंबऱ्याबाहेर ठेवायचंच आहे, ते मला कळतं. माझ्यासाठी दार बंद कर. मी यंदा येत नाही आणि तू म्हणेपर्यंत येणार नाही. शिव्या रमदानकडे पाठव, तो पोचवेल. पण शाझलीला दारात उभं करून माझ्या केलेल्याचा जाब विचारू नकोस. तो आठ महिने देऊन झाला आहे.

नाजियाबाईंना सांगणारी,
आणि ट्रे धरून गप्प उभी राहणारी,
तुझी धाकटी बहीण
रफीका